इंग्रजी 'मिनिट': शब्द एक की अनेक?

अक्षरवेध (धागाकर्ता):
साठ सेकंदांचे मिनिट, सभेच्या कामकाजाची नोंद म्हणजे मिनिट्स आणि 'मायन्यूट' असा उच्चार होणारे, 'अतिसूक्ष्म' या अर्थाचे विशेषण ही तिन्ही इंग्रजीत एकाच स्पेलिंगची आहेत. बहुतेक कोश विशेषणाची नोंद वेगळी करतात, ते मला पटत नाही. माझ्या मते हा मुळात एकच शब्द आहे. लॅटिनमध्ये 'मिनुता' म्हणजे लहान केलेली. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या खगोलगणितात वर्तुळाच्या अंशाचे साठ भाग करत. त्या विभागणीला लॅटिनमध्ये 'पार्स मिनुता प्रीमा', म्हणजे पहिला लहान भाग, आणि त्याच्या पुन्हा केलेल्या साठ भागांना 'पार्स मिनुता सेकुंदा' असे नाव पडले. पहिल्या नावातून मिनिट उरले, दुसऱ्यातून सेकंद. सभेच्या मिनिट्सचा उगमही बहुधा याच लहानपणात आहे, कारण कच्चा मसुदा बारीक अक्षरात लिहीत आणि पक्की प्रत ठसठशीत अक्षरात. हॉटेलातला 'मेन्यू'सुद्धा फ्रेंचमार्गे याच कुळातून आला आहे.

जुना कारकून:
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य. शब्दाचे मूळ एक असले म्हणजे आज तो शब्द एकच ठरतो, हे आपण गृहीत धरले आहे, सिद्ध केलेले नाही. मेकॉलेने 2 फेब्रुवारी 1835 रोजी इंग्रजी शिक्षणाविषयी लिहिलेले प्रसिद्ध 'मिनिट' घ्या. ते ना कालमापन, ना सभेचा वृत्तान्त, ना बारीक अक्षरातला मसुदा. ते गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलच्या सदस्याने मांडलेले सविस्तर मतप्रदर्शक टिपण होते आणि त्यात लहान असे काहीच नव्हते. आपल्या सोसायट्यांच्या विषयपत्रिकेवर 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' असे छापलेले असते, तेथे घड्याळाची आठवण कोणालाही होत नाही. उलट मिनिटामिनिटाची नोंद म्हणून मिनिट्स, असे ठामपणे सांगणारे चिटणीस मी पाहिले आहेत. एकाच शब्दाचा आग्रह धरला की असे गैरसमज फोफावतात.

पळविपळ:
मला दोघांचीही मांडणी जरा जास्तच सरळ वाटते. इ.स. 725 मध्ये कालगणनेवर लिहिणाऱ्या बीड या इंग्रज मठवासी विद्वानाने तासाचे चार 'पुंक्ता', दहा 'मिनुता' आणि चाळीस 'मोमेंता' सांगितले आहेत. म्हणजे त्याचा मिनुता आजच्या सहा मिनिटांचा आणि 'मोमेंट' नव्वद सेकंदांचा होता. तासाच्या साठाव्या भागाशी मिनिटाची गाठ कायमची बांधली गेली ती पुढे, खगोलगणितींच्या आकडेमोडीतून. सामान्य माणसाच्या व्यवहारात तर मिनिट आणखी उशिरा आले, कारण डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध करेपर्यंत बहुतेक यांत्रिक घड्याळांना तासकाटाच असे. ती दिवसाला पाव तासाने सहज मागेपुढे होत, मग मिनिटकाट्याचा उपयोग तो काय? जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे मानत, त्यामुळे पळ चोवीस सेकंदांचे होते. साठाची विभागणी दोन्हीकडे असूनही मापे जुळत नाहीत, कारण भाग कशाचे पाडायचे हेच वेगळे होते.

अक्षरवेध:
बीडचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. दहावा भाग असो वा साठावा, 'लहान केलेला भाग' हा अर्थ दोन्हीकडे कायम आहे. बदलले ते प्रमाण. मेकॉलेच्या टिपणाची लांबी हा आक्षेपही टिकत नाही, कारण नाव दस्तऐवजाच्या प्रकाराला होते, त्याच्या आकाराला नव्हे.

जुना कारकून:
नाव आकाराला नव्हते हे आपणच म्हणता, म्हणजे 'लहान' हा अर्थ त्या शब्दातून तेव्हाच गळून पडला होता. कोशाने वापरणाऱ्याच्या मनातला अर्थ नोंदवायचा असतो. केवळ कुळावरून नोंद एक करायची, तर मग 'मेन्यू'लाही त्याच नोंदीत जागा द्यावी लागेल. त्याला आपली तयारी आहे का?