मायनर म्हणजे उदास? 'सो व्हॉट' ऐकून बघा

मायनर सूर (म्हणजे कोमल गंधार असलेली स्वरमालिका) आणि मध्यम लय जुळली की जॅझचं गाणं उदास होतं, असं कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' (मार्च १९५९, न्यूयॉर्क) घ्या. मिनिटाला साधारण १३५-१४० ठोके, सूर डी डोरियन (डीपासून सुरू होणारी एक पाश्चात्त्य स्वरमालिका). डी हा सा धरला तर हा सरळ आपला काफी थाट: ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. माझ्या मते सगळी जादू त्या शुद्ध धैवतात आहे. तो कोमल केला की आसावरी होते आणि मग खरंच जड वाटायला लागतं. इथे मात्र मन शांत, पण जागं राहतं.

३२ मात्रांचं नव्हे, ३२ बारचं आवर्तन (इथे एक बार म्हणजे चार मात्रा). त्यातले १६ बार डीवर, मग ८ बार अख्खा सा अर्ध्या सुराने वर सरकतो, आणि शेवटचे ८ परत घरी. पॉल चेंबर्सचा बास प्रश्न टाकतो आणि बाकीचे वादक दोन कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्या) उत्तर देतात. तो सा सरकण्याचा क्षण हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.

आणि हेच गाणं फेब्रुवारी १९६४ च्या, न्यूयॉर्कमधल्या फिलहार्मोनिक हॉलच्या मैफलीतलं ऐका. ड्रमवर १८ वर्षांचा टोनी विल्यम्स. सूर तेच, पण लय इतकी चढी की निवांतपणा पार जातो, नुसती आग उरते.