नातवाला भेटायचा हक्क आज्जा-आज्जीला कायद्यानं पाहिजे का?

खानापूरकर: आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा वारला, सुनेनं दोन वर्षांनी गडहिंग्लजला दुसरं लग्न केलं, चांगलंच केलं, पण आता नातवाला भेटूच देत नाहीत. काकी गेल्या महिन्यात कुंदा घेऊन गेल्या, डबा आत गेला आणि ह्या बाहेरच. माझं मत, हक्क पाहिजेच.

निपाणीची ताई: हक्क म्हणे! तिनं नव्यानं संसार मांडलाय आणि ह्यांनी पोराला जवळ घेऊन "तुझा खरा बाबा" म्हणून रडायचं, मग ते नव्या माणसाला बाबा कधी म्हणणार? मी ह्यातनं गेलोय, सासू यायची त्या दिवशी पोरगी जेवायची न्हाई.

शहापूरचा वकील: भेटीचा असा वेगळा हक्क लिहिलेला नाही. १८९० च्या पालक-पाल्य कायद्यानं अर्ज करता येतो, कोर्ट पोराचं हित बघतं. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं कोरोनात आईबाप दोन्ही गेलेल्या अहमदाबादच्या पोराचा ताबा मावशीऐवजी आज्जा-आज्जीला दिला, पण इथं आई आहे की, तोच मोठा फरक. आणि अर्ज पोरगं राहतंय तिथल्या कोर्टात, बेळगावात नाही.

खानापूरकर: म्हणजे परत सीमेपलीकडं बघत बसा, १९५६ पासनं आमचं तेच चाललंय 😀

हिंडलग्याचा बाबा: त्याच १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात सावत्र बापाला बाप धरत नाहीत, माहीत आहे का? बायकोची पोरगी तीन वर्षांची होती तेव्हापासनं मी वाढवलो, आता धावीला आहे. उद्या आमचं दोघांचं फाटलं तर मी पण असाच डबा घेऊन दारात. ताई, तुमच्या त्या नव्या बाबाचं पण तेच होणार बघा.

निपाणीची ताई: हे मात्र खरं, तुमच्याबद्दल वाईट वाटतंय. तरी आईला डावलून कोर्टानं ठरवू नये. माझी पोरगी एलएलबी करालीय, ती सांगते अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कुणीही कधीही भेट मागू शकेल असा कायदा होता, २००० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आईच्या बाजूनं निकाल दिला, पोराला नीट सांभाळणाऱ्या आईबापाच्या निर्णयाला वजन द्यायलाच पाहिजे म्हणून.

खानापूरकर: काका कोर्टात जाणार नाहीत. काल मीच सूनबाईला फोन लावलो. म्हणाली, दिवाळीत या, दोघंच या, फक्त ह्यांचा फोटो आणू नका.

हिंडलग्याचा बाबा: बापाचा फोटो पण नको? हे जास्त होतंय.

निपाणीची ताई: पहिल्याच भेटीत फोटो कशाला?