गुऱ्हाळाच्या प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड ऐनवेळी रुसलाय, सोमवारी एक्स्टर्नलची परीक्षा, नवीन बोर्ड काढू का?

फायनलइयर_कोप:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय, इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट असा की काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, रस आटताना तापमान बघायचं आणि ११८ डिग्रीच्या आसपास आलं की बझर वाजवायचा, म्हणजे काहील कधी उतरायची ते नवख्या माणसाला पण कळेल. ईएसपी३२ (सगळं चालवणारी कंट्रोलर चिप), के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची सळी), त्याचं माप वाचायला मॅक्स६६७५ चं मोड्यूल, छोटा ओलेड डिस्प्ले आणि एक बटण, एवढंच. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या बोर्डवर) चालत होतं, मग सर म्हणाले बोर्ड स्वतः तयार करा, म्हणून लॅबमधल्या सीएनसी मशीनवर कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेली शीट) कोरून घेतलं. ट्रॅक छान आलेत, मल्टिमीटरनं बघितलं तर शॉर्ट कुठंच नाही. पण पॉवर दिली की ईएसपी सारखं रीसेट होतंय आणि कॉम्प्युटरच्या सिरियल मॉनिटरवर फ्लॅश (प्रोग्रॅम असतो ती मेमरी) रीड एररची रांग लागते. तेच ईएसपी सॉकेटमधनं उपसून नुसतं यूएसबीला लावलं की गप चालतंय!! पिना अशा: ओलेड २१, २२ वर, थर्मोकपल १८, १९, ५ वर, बझर २५ वर ट्रान्झिस्टरमधनं, बटण १२ वर आणि त्याला ३.३ व्होल्टला १० के चा पुलअप, म्हणजे पिन हाय ठेवणारा रेझिस्टर (ब्रेडबोर्डवर हा लावला नव्हता, बोर्डवर नीट करावं म्हणून टाकला).
दुसरं म्हणजे बटण पटकन लागावं म्हणून लूपमधला डिले काढला तेव्हापासनं तापमानाचा आकडा एका जागी गोठलाय. बॉक्स पण व्हायचाय, मोबाईल ॲप पण व्हायचंय. बोर्ड कोरायचं ०.४ चं एकच बिट शिल्लक आहे. नवीन बोर्ड काढू का ईएसपी बदलू?

सोल्डरमास्तर:
दोन्ही नको. भावा तुझा बोर्ड चांगला आहे, पिन चुकीची निवडलीस. ईएसपी३२ ची १२ नंबर पिन चालू होतानाच वाचली जाते आणि त्यावरनं फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे ते ठरतं. ती हाय दिसली की चिप समजते फ्लॅश १.८ ची आहे, आणि तुझ्या मोड्यूलवरची आहे ३.३ ची, मग वाचणार काय कपाळ. आत पिन लो ठेवणारा बारीकसा पुलडाऊन असतो पण तुझा १० के त्याला सहज ओढून वर नेतो. तो एक रेझिस्टर काढ, बटण ग्राउंडला जातंय तसंच राहू दे, आणि कोडमध्ये इनपुट पुलअप कर. तोपर्यंत बूट होऊन गेलेलं असतं त्यामुळे चालतं. ट्रॅक कापायला नको, बिट नको, सोल्डरिंग आयर्न तापव आणि दोन मिनिटात मोकळा हो. नेटवर कोणीतरी ईफ्यूज (चिपमधली कायमची सेटिंग) जाळायला सांगेल, त्या भानगडीत पडू नको, एकदा जाळलेला ईफ्यूज परत येत नाही.
आकडा गोठण्याचं कारण वेगळंच आहे. मॅक्स६६७५ ला एक माप घ्यायला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात आणि सीएस (चिपला वाचायला निवडणारी पिन) खाली ओढली की चाललेलं माप तिथंच थांबतं. तू डिले काढल्यामुळं इतक्या घाईनं विचारतोयस की बिचाऱ्याचं एकही माप पुरं होत नाही आणि जुनाच आकडा परत परत येतोय. डिले परत घालू नको, मिलिस (वेळ मोजणारं फंक्शन) वापरून ३०० मिलिसेकंदातनं एकदाच वाच, बटण बाकीच्या वेळात बघ.

सीएनसीवेडा:
मास्तरांचं बरोबर आहे पण मला विचारशील तर बटण ३२ वर नेऊन नवीन बोर्ड कोर, एक्स्टर्नलला काढलेला रेझिस्टर दिसला तर विचारतील. अजून चार दिवस आहेत की.

सोल्डरमास्तर:
विचारू देत की, ते उत्तर आलं तर मार्क वाढतीलच. एका बिटावर सोमवार धरून बसायचं म्हणजे काय. तांबं ३५ मायक्रॉनचं असतं, बेड जरा वाकडा असला तर एका कोपऱ्यात खोल जातं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कापतच नाही, आणि बिट मोडलं तर पुण्याहनं यायला शनिवार जातोय. आणि चांगला मास्क न लावता एफआर४ (बोर्डाची फायबरग्लास शीट) कोरू नको, काचेची धूळ असते ती.

फायनलइयर_कोप:
रेझिस्टर काढला, चालू झालं!!! आकडा पण हलायला लागला. आता बॉक्स पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करायचा विचार आहे, पण प्रिंटरला रांग आहे.

उद्यमनगरी:
रांगेत थांबू नकोस. पीएलए साठ डिग्रीला मऊ पडतं, काहिलीच्या काठाला ठेवलास तर बॉक्स वाकडातिकडा होणार. ३ मिमीच्या ॲक्रिलिकचा कर, नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडं लेझर असतोच. त्यांना बहुतेक कोरलड्रॉची फाईल लागते, डीएक्सएफ फाईल दिलीस तर समोर उभा राहून माप बघ, मिलिमीटरचं इंच झालं की बॉक्स खोलीएवढा होतोय. आणि खाचा करताना कापाची जाडी धर, नाहीतर ढिल्ला बसतोय. पीव्हीसी शीट मात्र लेझरवर टाकू नको, हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. बॉक्स चुलवाणापासनं लांब ठेव, पण थर्मोकपलची वायर वाढवताना साधी तांब्याची वायर जोडायची नाही लगा, के टाइपचीच एक्स्टेन्शन घ्यायची, नाहीतर जोडाच्या जागेचं तापमान मध्ये घुसतं आणि सगळे आकडे खोटे.

काहिलीवाला:
आमचं गुऱ्हाळ आहे म्हणून बोलतो, इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही. गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) आकडा बघत नाही, पाक पाण्यात टाकून गोळी बघतो. ऊस बदलला, रस बदलला की उतरायची वेळ मागंपुढं होते. त्यामुळं ११८ पक्कं बांधून टाकू नका, बटणानं दोन डिग्री वरखाली करता येईल असं करा, मग गुळव्या पण वापरेल. आणि सळी बुडाला टेकवू नका, बूड जाळाचं ऐकतं. मध्ये लटकवायची असेल तर फावडं फिरतं तिथून लांब.

फायनलइयर_कोप:
काका हे भारी आहे, ॲप सोडलं, बटणाला हेच काम देतो. कॅलिब्रेशन कसं दाखवू? उकळत्या पाण्यात ९८ च दाखवतंय, दोन डिग्री कोडमध्ये वाढवू का?

सोल्डरमास्तर:
अजिबात वाढवू नको. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथं पाणी ९८ लाच उकळतं, म्हणजे तुझं यंत्र बरोबर आहे. बर्फाच्या पाण्याचा आकडा पण घे, दोन्ही आकडे रिपोर्टात घाल. आणि मॅक्सची चिप आपल्याच अंगाचं तापमान धरून हिशेब करते, तेव्हा ते मोड्यूल ईएसपीच्या रेग्युलेटरला चिकटवू नको.

काहिलीवाला:
रविवारी आमच्याकडं काहील चढणार आहे, करवीरमध्येच, सकाळी सातच्या आत या. नंतर गर्दी असते, काय बघायला मिळणार नाही.