अनुभव धागा: एटीकेटी, ड्रॉप, वायडी... आणि तरी मेडिकल

जून लागला की नाशकात पावसाच्या आधी फ्लेक्स येतात. गंगापूर रोड, कॉलेज रोड, अशोक स्तंभ, जिकडे बघावं तिकडे नीटमध्ये (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) चमकलेली पोरं आणि फोटोखाली मार्क. एका फ्लेक्सवर मावून मावून तीस-चाळीस चेहरे मावतात. बाकीची पोरं त्या महिन्यात मेन रोड सोडून गल्लीतून घरी जातात. मीही गेलेय, म्हणून ठाऊक आहे.

हा धागा त्या गल्लीतल्यांचा. अटी दोनच. ‘जिद्द’ आणि ‘चिकाटी’ हे शब्द वापरायचे नाहीत. क्लासचं, कॉलेजचं नाव घ्यायचं नाही. त्या वर्षी नक्की काय केलंत आणि काय फसलं, तेवढं लिहा. ज्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही त्यांनीही लिहा. सुरुवात मी करते.

माझी बारावी २०१६ ची. त्या वर्षीचा घोळ ज्यांनी भोगला त्यांना आठवत असेल. ५ मे ला राज्याची सीईटी दिली आणि चारच दिवसांत कोर्टाने सांगितलं की नीटच द्यावी लागेल. पोरं स्टेट बोर्डाची पुस्तकं बाजूला टाकून एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पुस्तकं शोधत फिरली. महिनाअखेरीला अध्यादेश आला की यंदापुरती राज्याच्या जागांना सीईटी चालेल. मला सीईटीतही मार्क नव्हते, त्यामुळे या गोंधळाला दोष देण्यात अर्थ नव्हता. (वर्षभर दिला, ती गोष्ट वेगळी.)

मग बीएस्सी, आणि पहिल्याच वर्षी दोन विषयांत एटीकेटी, म्हणजे नापास झालेले विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात. घरी सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत होती. “मग आता?” एवढंच म्हणाली. हात काही थांबले नाहीत, पानं परातीत, काड्या पेपरवर. मी म्हटलं, बीएस्सी सोडते आणि नीटला बसते. तिने उरलेली अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

२०१७ च्या दिवाळीनंतर पहिली पूर्ण सराव परीक्षा दिली. १८० पैकी १८० प्रश्न सोडवले, एकही रिकामा ठेवला नाही, त्याचा अभिमान वाटत होता. १०५ बरोबर, ७५ चूक. म्हणजे ४२० वजा ७५, ३४५. त्या रात्री दोनशे पानी वही घेऊन ते ७५ प्रश्न एकेक करून उतरवले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं: ‘माहीत नव्हतं’, ‘अंदाज’ किंवा ‘येत होतं’. तिसऱ्या खान्यात ३१ प्रश्न निघाले! येत असून चुकलेले. कुठे ‘अयोग्य विधान कोणतं’ मधला ‘अ’ वाचलाच नव्हता, कुठे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं होतं. अशी एक चूक म्हणजे पाच मार्क, मिळणारे चार गेले आणि वर एक कापला गेला. ३१ गुणिले ५, १५५. इतकी वर्षं मी ‘माझं फिजिक्स कच्चं आहे’ म्हणत होते. कच्चं होतंच, पण १५५ मार्क फिजिक्सने नेले नव्हते.

मेपर्यंत तशा तीन वह्या भरल्या. ६ मे २०१८ ला पेपर झाला. मार्क सांगत नाही, नाहीतर सगळे आकड्यांच्या मागे लागतात. धुळ्याला एमबीबीएस झालं, मग इंटर्नशिप, मग बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष, आणि आता त्र्यंबक तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आता तुम्ही लिहा, नावाऐवजी गाव किंवा भाग टाकला तरी चालेल.

लासलगाव

मी अजून कुठेच लागलेलो नाही. चालतंय ना?

२०२१ ची बारावी, म्हणजे बिनपरीक्षेची बॅच. मार्क बरे पडले, बायोलॉजी नव्हतीच, सगळे गेले म्हणून इंजिनिअरिंगला गेलो. पहिलं वर्ष रडतखडत निघालं. दुसऱ्या वर्षी वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्षच गेलं. हॉस्टेलवर वायडी झालेल्या पोराचं काय होतं ते इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. मेसमध्ये सगळे एकदम प्रेमाने बोलायला लागतात.

वायडीच्या वर्षात घरी होतो. आजोबांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नाशिकला न्यायचो. तिथे बसून बसून मशीनपेक्षा आजोबांच्या हातातल्या फिस्टुलात (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात त्या जागेत) रस वाटायला लागला. पण बायोलॉजी नव्हती, म्हणजे दार बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची सूचना आली की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी दिली तरी नीटला चालेल. बोर्डाच्या फॉर्ममध्ये ‘आयसोलेटेड’ नावाचा प्रकार असतो, तेवढा एकच विषय द्यायचा. फेब्रुवारी २०२५ ला दिला. परीक्षा हॉलमध्ये माझ्यापेक्षा चार-चार वर्षांनी लहान पोरं. एकाने मला सुपरवायझर समजून पुरवणी मागितली.

शिकवायला सर मिळाले ते निवृत्त. पहिल्याच दिवशी त्यांनी कांद्याच्या मुळाची स्लाईड लावली. लाल रंगात पेशी, काहींमध्ये गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, काहींमध्ये दोन टोकांना निघालेली. आमच्या घरात तीन पिढ्या कांदा. ट्रॅक्टर भरायचा, मार्केटला उभा करायचा, भाव ऐकून गप बसायचं. त्याच्या मुळाच्या टोकाला हे चाललेलं असतं, ते मी एकविसाव्या वर्षी पाहिलं.

४ मे २०२५ चा फिजिक्सचा भाग ज्यांनी दिला त्यांना विचारा. मी तर इंजिनिअरिंगचा, मला वाटलं होतं फिजिक्स आपलंच आहे. नव्हतं. यंदा परत बसतोय. तुमच्या त्या वहीची आयडिया घेतली आहे, ताई.

सातपूर

मी पालक आहे. लिहू का नको असा विचार करत होतो.

मुलाने तीन वेळा नीट दिली. तिन्ही वेळा पात्र झाला, तिन्ही वेळा प्रवेशापुरते मार्क नाहीत. ‘पात्र’ या शब्दाने आमचा घात केला. २०२३ ला खुल्या गटात १३७ मार्कांना पात्र होता येत होतं, ७२० पैकी. नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं, पोरगं क्वालिफाय झालं म्हणून. पण पात्र असणं वेगळं आणि सरकारी जागा मिळणं वेगळं, हे मला दुसऱ्या वर्षी समजलं. समजूनही तिसऱ्या वर्षाची फी भरली. कंपनीतून पीएफची उचल काढून.

तिसऱ्या निकालानंतर मीच म्हणालो, अजून एक वर्ष बघू. तो चहा पीत होता. म्हणाला, “बाबा, तुम्ही बसा ना एकदा परीक्षेला.” चिडून नाही, शांतपणे. मला वाईट वाटलं, रागही आला. रात्री सेकंड शिफ्टला मशीनवर उभा असताना विचार केला की तीन वर्षांत मी त्याला ‘तुला काय व्हायचंय’ हे एकदाही विचारलं नाही, ‘किती आले’ एवढंच विचारलं.

आता तो बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात ड्यूटी असते. घरी येऊन पेशंटच्या गोष्टी सांगतो, पूर्वी तोंड उघडत नव्हता.

राग मानू नका, पण हा धागा वाचून अजून एखादा बाप पोराला चौथा ड्रॉप, म्हणजे नीटसाठी अजून एक वर्षाचा खंड, घ्यायला लावेल. त्याने आधी माझं वाचावं.

धागाकर्ती

काका, राग कसला. तुमचं वरती आलं हे बरंच झालं. माझ्यासोबत अभ्यासिकेत बसणाऱ्या आम्ही सहा जणी होतो. एमबीबीएसला दोघी लागल्या. उरलेल्या चौघींचं मी सुरुवातीला लिहिलंच नव्हतं.

सुरगाणा (सध्या इंटर्न)

सगळे मेडिकल मिळेपर्यंतचं लिहितायत. मला मिळालं होतं पहिल्या फटक्यात, नापास त्यानंतर झालो.

आश्रमशाळेत शिकलो, घरी कोकणी (आम्हा कोकणा आदिवासींची बोली) बोलतो, शाळेत मराठी. बारावी सायन्स इंग्रजीत होतं पण ते घोकून निघतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमध्ये मॅडम बोलायच्या, बाकीची पोरं माना डोलवायची, मी पण डोलवायचो.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हातात क्लॅव्हिकल दिली, गळ्याजवळचं आडवं हाड. “साइड?” मला माहीत होतं. सपाट टोक खांद्याकडे, जाड गोल टोक छातीच्या हाडाकडे, खोबण खालच्या बाजूला. डोक्यात सगळं मराठीत तयार होतं. तोंडातून इंग्रजी वाक्य निघेना. मी हाड उचलून स्वतःच्या गळ्याशी लावून दाखवलं, बरोबर बाजूला. परीक्षक म्हणाले, “डोन्ट शो, टेल.” ॲनाटॉमी गेली. पुरवणी परीक्षेतही गेली. मग नियमाप्रमाणे खालच्या बॅचबरोबर. पहिलं वर्ष पास व्हायला एकूण चार संधी असतात, माझ्या दोन संपल्या होत्या. काल मला ‘दादा’ म्हणणारे आता शेजारी बसले होते आणि तरी ‘दादा’च म्हणत होते, ते जास्त लागायचं.

त्या वर्षी एकच गोष्ट बदलली. रूममेट सोलापूरचा, त्याने नियम केला की रोज रात्री जेवणानंतर एक हाड घ्यायचं आणि दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोलायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. व्याकरण गेलं खड्ड्यात. दोन महिन्यांनी शेजारच्या रूममधून भिंतीवर थापा यायला लागल्या की आता पुरे. तिसऱ्या संधीला पास झालो.

परवा ओपीडीत एक म्हातारी आली, गावाकडची. सिस्टरला तिचं काही कळेना. मी कोकणीत विचारलं तर तिने आधी मी कुणाचा पोरगा ते विचारून घेतलं, मग पोटाचं सांगितलं.

पंचवटी

माझं थोडक्यात. बीएस्सी केमिस्ट्री, दोनदा एटीकेटी, मग सहा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. नाशकातल्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरच्या केबिनबाहेर बॅग घेऊन उभा राहिलोय. २०२२ ला नीटची वरची वयोमर्यादा अधिकृतपणे निघाली. तेव्हा मी २९ चा. बायको म्हणाली, दे, नाहीतरी रात्री मोबाईलच बघतोस. दुसऱ्या प्रयत्नात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी. वर्गात मी सगळ्यांत मोठा, एक सर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्या वर्षाला रचना शारीर, क्रिया शारीर जमलं, संस्कृतने घाम काढला. शब्दरूपं पाठ करताना आमची पाचवीतली मुलगी समोर बसून चुका काढायची. पैशांची ओढाताण आहे, ती खोटं कशाला सांगू. बायकोच्या पगारावर चाललंय.

देवळाली गाव

अभ्यासाचं सगळे सांगतील, मी कागदांचं सांगते. माझी एक फेरी कागदापायी गेली आणि चूक माझीच होती. जात प्रमाणपत्र होतं, वैधता प्रमाणपत्र नव्हतं. अर्ज निकाल लागल्यावर केला. तो अकरावीतच करायचा असतो. ड्रॉप घेतला असेल तर मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते यादी लागल्यावर स्टॅम्पपेपरच्या रांगेत उभं राहून करू नका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. आणि मुलींनो, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी फीच्या भीतीने मुलीचा फॉर्मच भरला नव्हता.

सिडको

ताई, मी कधी लिहीत नाही कुठे. नीटला ४०० च्या वर आहेत. पण बारावीला आजारी होते, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ३०० पैकी १४६ आले. ओपन आहे. क्लासमध्ये सांगितलं की नीटचे मार्क असून उपयोग नाही. खरं आहे का? घरी अजून सांगितलं नाही.

धागाकर्ती

खरं आहे. खुल्या गटाला या तीन विषयांत मिळून ५० टक्के लागतात, म्हणजे १५०. तुला चार कमी आहेत. नीटचे ४०० तिथे मोजत नाहीत.

पण तू पास आहेस, म्हणजे श्रेणीसुधारला बसता येतं. बोर्डाच्या फॉर्ममध्ये तसा वेगळा प्रकार असतो, जिथून बारावी केलीस त्या कॉलेजातूनच भरायचा. तारखा आजच विचार, विलंब शुल्कावर जाऊ देऊ नकोस. नीट पुन्हा द्यावी लागेल, कारण यंदाचा निकाल यंदापुरताच. म्हणजे वर्ष जाणार आहे, ते गोड करून सांगत नाही. देवळालीच्या ताईंनी लिहिलंय ते गॅपचं तुलाही लागेल.

घरी आज सांग. जमत नसेल तर आधी मला निरोप कर. रविवारी मी नाशकात असते, आईला घेऊन ये. माझ्या तीन वह्यांपैकी एक अजून माळ्यावर आहे, उंदरांनी कोपरा खाल्लाय, पण फिजिक्सची पानं शाबूत आहेत.