‘खंडित स्तंभ’ की कांड्यांचा खांब?

पांझराकाठ : साइटवरच्या सुपरवायझर मंडळींसाठी एक पत्रक मराठीत आणतोय. विषय, पुलाचे प्रीकास्ट सेगमेंटल कॉलम भूकंपात कसे वागतात. खांब जागेवर एकसंध ओतायचा नाही. तुकडे कारखान्यात ओतून आणायचे, एकावर एक रचायचे, मधल्या पोकळीतून केबल ओवून ताणायच्या. मी लिहिलं ‘पूर्वनिर्मित खंडित स्तंभ’. भुसावळचा एक जण वाचून म्हणाला, "साहेब, खंडित झालाय तर वर गर्डर कशाला ठेवता?" काय लिहू?

केळीबाग : बरोबर बोलला तो. खंडित होतो तो वीजपुरवठा. खंडित मूर्ती तर आपण तापीत सोडतो. उसाला असतात ती कांडी, तसा ‘कांड्यांचा खांब’. आमनाकडला पोऱ्यासले बी समजी जाई.

शब्दव्रती : परिभाषा पोरांसाठी नसते. ‘खंडयुक्त स्तंभ’ घ्या, शास्त्रीय आहे.

केळीबाग : कांड कुठला मग, फारसी? रामायणात सात आहेत.

ओळंबा : नोकरीभर पूल बांधले, म्हणून बोलतो. शब्द कुठलाही घ्या, पण उसाची कांडी पेरात जुळलेली असतात, इथली नसतात. मुद्दा तोच आहे. धक्का आला की खांब डुलतो, एका बाजूचा सांधा जरासा उघडतो, आणि वरचा भार नि ताणलेली केबल मिळून तो पुन्हा मिटवतात. केबलभोवती ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरत नाहीत, त्यामुळे ताण एका जागी न साचता सबंध लांबीवर वाटला जातो. हादरे थांबले की खांब परत ओळंब्यात. १९९५च्या भूकंपात जपानमधल्या कोबेत एकसंध ओतलेले कितीतरी खांब पडले नव्हते, पण कलते राहिले. शंभरेक खांब नुसते कलले म्हणून पाडावे लागले.

शब्दव्रती : त्या गुणाला ‘स्वकेंद्री’ म्हणतात.

केळीबाग : स्वकेंद्री आमचे साडू आहेत.

ओळंबा : ‘सावरणारा’ म्हणा की. आणि दुसरी बाजूही पत्रकात येऊ द्या. हा खांब सावरतो चांगला, पण धक्का जिरवत नाही. एकसंध खांबाच्या सळया ताणून-दबून धक्का जिरवतात, मोबदल्यात वाकडेपण उरतं. म्हणून याच्या तळच्या सांध्यातून थोड्या साध्या सळया आरपार घालतात. फार घातल्या की खांब सावरायचा राहतो, कमी घातल्या की डुलतच बसतो. डिझाइनवाल्यांची सगळी ओढाताण इथेच. शिवाय डुलताना तळच्या तुकड्याची कड चुरते, म्हणून त्याला पोलादी पत्र्याचं कवच घालतात.

चाळीसगावकर : ‘जिरवणे’ झकास! ‘ऊर्जाक्षय’ वाचलं की मला टीबीच आठवतो. एक जोड : खांब आला ‘स्कंभ’वरून, ‘थांबणे’ ‘स्तंभ’वरून. म्हणजे थांबतो तो स्तंभ, डुलतो तो खांब.

शब्दव्रती : दोन्ही धातूंचा अर्थ आधार देणे हाच आहे. उगाच कोट्या नकोत. पत्रकात निदान ‘भूकंपरोधक’ तरी असू द्या.

ओळंबा : भूकंप कोण रोधणार? ‘भूकंपसह’ लिहा.

तापीपूर्णा : मुळात खानदेशात हे कशाला? भूकंप कोयनेचे, किल्लारीचे.

ओळंबा : १४ मार्च १९३८ला सातपुड्यात सहाच्या वरचा झाला होता. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमिनीखाली जुने भ्रंश आहेत. २०१६च्या भूकंप-नकाशात जळगाव-धुळे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये आहेत.

चाळीसगावकर : ‘उतरंड’ का नको? एकावर एक रचलेली, शब्दही घरचा.

केळीबाग : उतरंड ढासळते, दादा. खंडितपेक्षा वाईट.

पांझराकाठ : मंडळी, मधल्या फटीला ‘सांधा’ लिहू की ‘जोड’? आणि ‘प्रीकास्ट’चं राहिलंच. ‘पूर्वनिर्मित’ ठेवू का?

तापीपूर्णा : आमच्याकडे कांडं म्हणजे पेरणीसाठी तोडलेला डोळ्याचा तुकडा. तुम्ही म्हणताय ते पेर.

केळीबाग : डोळ्याचं ते बेणं! पेर म्हणजे गाठ.

तापीपूर्णा : मग बोटाचं पेर काय, गाठ का?

शब्दव्रती : ‘पर्व’वरून पेर. पर्व म्हणजे सांधाही आणि खंडही, महाभारतात अठरा आहेत. तेव्हा ‘पर्वयुक्त स्तंभ’...

केळीबाग : झालं, आता पूल कुरुक्षेत्रावर.