शिवाप्लगवर ६.१ कर्नेल टीएफटीपीने चालतो, पण नँडमध्ये मावत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर (पोफळीची, म्हणजे सुपारीची बाग) आहे. तिथल्या पंपाच्या खोलीत एक शिवाप्लग (भिंतीच्या सॉकेटात बसणारा छोटा लिनक्स संगणक) पर्जन्यमापकाची आणि आर्द्रतेच्या सेन्सरची नोंद ठेवतो. पोफळीवर कोळेरोग येण्याआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी उरकावी लागते, आणि उघडीप किती तास मिळाली हे बाबा या नोंदींवरून बघतात. मी आठवडाभर पणजीत असतो, म्हणून तिथून वायरगार्डने (सुरक्षित दूरजोडणीच्या व्हीपीएनने) प्लगला जोडायचं आहे. वायरगार्ड ५.६ आवृत्तीपासून कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. प्लगवर मात्र अजून २.६ चालतो.

प्लग २००९ चा: मार्व्हेल किर्कवुड ८८एफ६२८१, १.२ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, ५१२ एमबी नँड (आतली फ्लॅश मेमरी). रूट (मुख्य फाइलसिस्टम) एसडी कार्डावर. यू-बूट (कर्नेल सुरू करणारा बूटलोडर) मूळचाच आहे, त्याला डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) कळत नाही.

६.१ कंपाइल करून टीएफटीपीने (नेटवर्कवरून) रॅममध्ये घेतला. सुरुवातीला सीरियल कन्सोलवर ‘अनकम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नेल’ एवढं यायचं आणि पुढे सगळं चिडीचूप. नव्या कर्नेलमध्ये या बोर्डाची जुनी सी फाइल उरलेली नाही, सगळी माहिती डीटीबीतून (डिव्हाइस ट्रीच्या कंपाइल केलेल्या फाइलीतून) येते आणि हा यू-बूट ती देत नाही. म्हणून ‘अपेंडेड डीटीबी’चा पर्याय चालू केला, झेडइमेजच्या (कॉम्प्रेस केलेल्या कर्नेलच्या) शेपटीला किर्कवुड-शिवाप्लगची डीटीबी कॅटने जोडली आणि मग एमकेइमेजने यूइमेज (यू-बूटला वाचता येणारी कर्नेलची फाइल) बनवली (लोड आणि एंट्री दोन्ही हेक्स ८०००). यू-बूटमध्ये ‘मेनलाइनलिनक्स’ येस आणि ‘आर्कनंबर’ (बोर्डाचा क्रमांक) २०९७ आहेच. लगेच लॉग वाहू लागला, पण रूट सापडत नव्हतं, कारण डीटीबीतल्या बूटआर्ग्समध्ये (कर्नेलला सुरू होताना मिळणाऱ्या सूचनांमध्ये) फक्त कन्सोल असतो. ‘एटॅग डीटीबी कम्पॅट’ चालू केल्यावर यू-बूटमधलं रूटही कर्नेलपर्यंत पोचलं आणि लॉगिन आलं. कोणी याच जागी अडकलं असेल तर हे दोन पर्याय आधी तपासा.

आता खरी अडचण. पावसात लाइट दिवसातून कितीदा तरी जाते आणि तेव्हा तिथे कोणी नसतं. प्लग आपला आपण उठला पाहिजे, टीएफटीपीवर विसंबून चालणार नाही. नँडमध्ये पहिला १ एमबी यू-बूटचा, पुढचे ४ एमबी कर्नेलचे, उरलेलं जुन्या रूटचं. माझी यूइमेज ४ एमबीत मावत नाही. एक्सझेड कॉम्प्रेशन लावलं, किर्कवुड सोडून बाकीचे प्लॅटफॉर्म काढले, तरी जेमतेम काठावर येते. पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच रडगाणं.

मला तीन वाटा दिसतात. जुन्या रूटची जागा मोडून कर्नेलला मोठी जागा द्यायची. किंवा जुन्या यू-बूटकडूनच एसडी कार्डावरची यूइमेज वाचून घ्यायची. किंवा यू-बूटच नवा टाकायचा. मनाला तिसरी पटते, कारण नवा यू-बूट डीटीबी वेगळी देतो आणि जोडाजोडीचं काम कायमचं संपतं. पण फ्लॅश करताना लाइट गेली तर प्लग मेलाच. सीरियल कन्सोलच्याच मिनी यूएसबी पोर्टवर जेटॅग (चिपशी थेट बोलायची वाट) आहे आणि ओपनओसीडीमध्ये (जेटॅग चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) या बोर्डाची कॉन्फिग फाइलही आहे, एवढाच आधार.

तर जाणकारांना विचारतो: ओपनओसीडीने शिवाप्लग खरोखर परत उठवलाय का कोणी? आणि पहिल्या वाटेने गेलो, तर लिनक्समधून नँडराइटने लिहिलेला कर्नेल जुन्या यू-बूटला वाचता येतो का, की दोघांच्या ईसीसीची (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडची) मांडणी वेगळी पडते? एसडीवरून बूट करणाऱ्यांनी आपली ‘बूटसीएमडी’ची (यू-बूटच्या बूट करायच्या आज्ञेची) ओळ इथे टाकली तर मोठी मदत होईल.

‘रास्पबेरी पाय घेऊन टाक’ असं कृपया सुचवू नका. बिनपंख्याचा हा डबा त्या दमट खोलीत इतके पावसाळे टिकलाय, सेन्सरच्या वायरी त्याच्याशी जुळलेल्या आहेत आणि ६.१ त्यावर व्यवस्थित चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चांगली चालती वस्तू भंगारात घालायची माझी इच्छा नाही.

पूर्ण बूट लॉग आणि कॉन्फिग हवं असेल त्यांनी सांगा, इथेच चिकटवतो. मृगाच्या आत हे मार्गी लावायचं आहे.