क्युबेक सिटीत कमी खर्चात कुठे उतरलात? तुमचे अनुभव सांगा

आई-बाबा सप्टेंबरमध्ये पुण्याहून आमच्याकडे मिसिसागाला येताहेत. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सह्याद्रीतले बहुतेक किल्ले त्यांनी पायी पाहिलेत. फोनवर म्हणाले, "नायगारा दाखव, पण त्याआधी ते तटबंदीचं शहर दाखव." मेक्सिकोच्या उत्तरेला तट शाबूत राहिलेलं हे एकमेव शहर, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. साम्युएल द शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ साली वसवलेलं, १९८५ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. बाबांची ही एकच मागणी आहे आणि ती मला नीट पुरी करायची आहे.

बाबा ७४ वर्षांचे, ठणठणीत. आईचा उजवा गुडघा मात्र दुखरा आहे. आम्ही चौघं, दोन खोल्या लागतील. एका खोलीला रात्रीचे १५० डॉलर, करासकट, याच्या वर जाणं जमणार नाही. तटाच्या आत राहावं की बाहेर? गाडी न्यावी की रेल्वेने जावं? कोणत्या महिन्यात गेलात, कुठे उतरलात, काय सोयीचं पडलं, काय चुकलं ते सविस्तर लिहा. माझ्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

मॉन्ट्रियलहून

ताई, आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे शहर नकाशावर बघून कळत नाही. 'ओत-व्हिल' म्हणजे वरचं गाव आणि 'बास-व्हिल' म्हणजे खालचं. मधे उभा कडा. नकाशावर ३०० मीटर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात कड्याच्या वर असतं आणि तुम्ही बॅगा घेऊन खाली उभे असता. रेल्वेचं स्टेशन, गार द्यु पाले, खालच्या अंगाला आहे. मॉन्ट्रियलहून रेल्वेने सव्वातीन तासांत पोचता, बसही तिथेच येते, पण तिथून कोत द्यु पाले नावाचा रस्ता वर चढतो तो चांगलाच चढतो. चाकांची बॅग असली तरी म्हाताऱ्या माणसांना चालवू नका, टॅक्सी करा. एवढ्याशा अंतराचे फार पैसे होत नाहीत.

आम्ही तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला घेऊन गेलो होतो. वरच्या गावात पार्क दे गुव्हर्नरच्या जवळपास जुन्या घरांची छोटी छोटी हॉटेलं आहेत. दगडी भिंती, उंच खिडक्या, फोटो बघूनच मन हरखतं. भाडंही आवाक्यातलं. गेल्यावर कळलं, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिना लाकडी, अरुंद, वळणाचा, एका बाजूलाच कठडा. दुसऱ्या वळणावर आई पायरीवर टेकली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तू हो पुढे, मी येते श्वास घेऊन." तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. पण त्या तीन दिवसांत ती दुपारी विश्रांतीला एकदाही खोलीवर आली नाही. पुन्हा चढायला नको म्हणून बाकावर बसून राहायची. हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं आणि अजूनही मनाला लागून आहे.

या घरांना लिफ्ट नसते यात मालकांचाही दोष नाही, जुन्या वारसा इमारतीत ती बसवायची कुठे? पण बुकिंग करताना विचारणं आपल्या हातात आहे. संकेतस्थळावर टिचकी मारून मोकळे होऊ नका, फोन करा. "लिफ्ट आहे का? नसेल तर तळमजल्याची खोली मिळेल का? दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. तळमजला म्हणतात आणि दाराशी सात पायऱ्या असतात.

ओटावाहून, फक्त पैशांचं

दिसणारं भाडं आणि द्यावं लागणारं भाडं यात बरंच अंतर आहे. मुक्कामावरचा कर साडेतीन टक्के, त्यावर केंद्राचा टीपीएस ५ टक्के आणि प्रांताचा टीव्हीक्यू ९.९७५ टक्के. १२० डॉलरची खोली हातात पडेपर्यंत १४३ च्या घरात जाते. म्हणजे ताई, तुमची १५० ची मर्यादा असेल तर यादीत १२५ पर्यंतच्याच खोल्या बघा. गाडी नेलीत तर पार्किंगचे रोजचे पैसे वेगळे.

तारखांचं म्हणाल तर जुलैत अकरा दिवस उन्हाळी संगीत महोत्सव असतो, तेव्हा भाव चढतात. २४ जूनला प्रांताचा सण. सप्टेंबरच्या शेवटापासून पानांचे रंग बघायला मोठमोठी प्रवासी जहाजं येतात, तेव्हाही गर्दी. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो. झाडं ओकीबोकी, आभाळ राखाडी, पण शहर आपलंच असल्यासारखं वाटलं आणि खोली उन्हाळ्याच्या मानाने खूपच स्वस्त पडली. तुम्हाला सप्टेंबरच हवा असेल तर रविवार ते बुधवार अशा रात्री धरा.

लाव्हाल विद्यापीठात शिकत असताना

मी दोन वर्षं तिथे होतो, म्हणून थोडं लिहितो. विद्यापीठ सँत-फ्वा भागात आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की वसतिगृहाच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. खोली साधी, खाट, टेबल, स्नानगृह सामाईक, पण स्वच्छ. ८०० किंवा ८०१ क्रमांकाची बस धरली की सरळ जुन्या शहराच्या वेशीपर्यंत, प्लास द्यूव्हिलला. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झालेले असतात, त्यामुळे ताईंना उपयोग नाही, पण जून-जुलैत एकट्यादुकट्याने जाणाऱ्यांनी जरूर बघा. ८०० ची बस दुसऱ्या टोकाला मोंमोरान्सी धबधब्यापर्यंत जाते. तो ८३ मीटर उंच आहे, नायगाऱ्याहून उंच. टॅक्सीची किंवा सहलीच्या बसची गरजच नाही.

एक भाषेचं. फ्रान्समध्ये 'देज्यने' म्हणजे दुपारचं जेवण, इथे मात्र सकाळचा नाश्ता. 'दिने' दुपारचं, 'सुपे' रात्रीचं. हॉटेलच्या पाटीवर 'देज्यने' धरलेला आहे असं लिहिलं असेल तर नाश्ता भाड्यात आहे. 'काँप्ले' म्हणजे खोल्या भरल्या. दारात शिरल्या शिरल्या इंग्रजीत सुरुवात करू नका. आधी 'बाँझूर' म्हणा. पर्यटकांच्या भागात पुढे ते स्वतःच इंग्रजीत बोलतात. आपल्या गावात कुणी पाहुण्याने तोडकं का होईना मराठीत "नमस्कार" म्हटलं की आपण कसे मोकळे होतो, तसंच.

हॅलिफॅक्सहून, मूळचे कोल्हापूरचे

आम्ही फेब्रुवारीत गेलो, हिवाळी कार्निव्हलला. १९५५ पासून दरवर्षी भरतो. मुलांना बर्फाचे पुतळे आणि बोनॉम, म्हणजे कार्निव्हलचा तो पांढरा हिममानव, बघायचा होता. थंडी उणे २३. तटाच्या आत खोल्या परवडेनात, म्हणून सँत-फ्वाला मोठ्या रस्त्यालगतच्या मोटेलमध्ये उतरलो. पार्किंग फुकट, खोलीत छोटा फ्रिज, मुलांना पोहायला तलाव. स्वस्तात झालं हे खरं. पण ताई, खरं सांगतो, संध्याकाळी सहाला मुलं गारठली की बस धरून परत. दिवे लागल्यावर ते शहर जे दिसतं, कड्यावरच्या शातो फ्रोंतनाक हॉटेलच्या खाली बर्फात पिवळा उजेड पडतो, ते आम्ही एकच रात्र पाहिलं. पुन्हा गेलो तर दोनच रात्री राहीन, पण आत राहीन.

पहिल्या रात्री आम्ही शहरात एका मित्राकडे जेवायला गेलो आणि गाडी रस्त्यावर लावली. तिथे बर्फ उचलायच्या रात्री खांबावरचे दिवे लुकलुकायला लागतात. ते लुकलुकले की रस्त्यावर गाडी ठेवायची नाही. आम्हाला ठाऊक नव्हतं. गाडी उचलून नेली, दंड वेगळा, मुलं बुटात पाय आपटत उभी. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आधी त्या दिव्यांकडे बघावं. आणि बुटाखाली लावायच्या काटेरी पट्ट्या घ्याच, खालच्या गावात उतरणारा कास-कू जिना त्याशिवाय उतरू नका.

एकटी फिरणारी, नाशिक

मी हॉस्टेलवाली. सँत-उर्स्युल रस्त्यावर, अगदी तटाच्या आत, आंतरराष्ट्रीय युवा वसतिगृह आहे. आठ जणींच्या खोलीत झोपायचं नसेल तर स्वतंत्र खोल्याही असतात. सामाईक स्वयंपाकघर आहे. मी रोज सकाळी तिथे पोहे केले. पुण्याहून जाड पोहे, हिंग आणि मेतकूट नेलं होतं. शेजारी एक आजी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारत होत्या, मी बशी पुढे केली. त्यांनी चमचाभर खाल्ले, मग पूर्ण बशी. वयाची अट नसते, साठीच्या पुढचे कितीतरी लोक तिथे भेटले.

शाकाहारी लोकांसाठी, ब्रॅम्प्टनहून

पुटीन सगळे सांगतील. बटाट्याचे तळलेले काप, चीजचे गोळे, वर तपकिरी सॉस. तो सॉस बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्शाचा असतो. शाकाहारी सॉस आहे का ते विचारूनच घ्या. वाटाण्याचं सूप निरागस दिसतं, त्यात हॅम असतं. नाश्त्याला येणाऱ्या गोडसर बीन्समध्ये डुकराची चरबी असते, नावातच ते आहे, 'फेव्ह ओ लार'. माझ्या सासूबाईंनी दोन घास घेतल्यावर आम्हाला कळलं. त्या दिवसभर काही जेवल्या नाहीत. चीज आणि मशरूमची क्रेप, म्हणजे पातळ धिरडं, निर्धास्त घ्या. आणि शक्य असेल तर चूल-फ्रिज असलेली खोली घ्या, थोडं भाडं जास्त पडलं तरी दोन वेळचं बाहेरचं वाचतं.

किचनसाठी खाजगी फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत प्रांताचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. तिथे थोड्या दिवसांसाठी जागा भाड्याने द्यायची तर नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक नसेल तर पैसे पाठवू नका.

किंग्स्टनहून, थोडक्यात

सँ-रॉश बघा. खालचं, पूर्वी कामगारांचं गाव, आता कॅफे आणि छोटी दुकानं. खोल्या स्वस्त. तिथून वर सँ-जाँ-बाप्तिस्त या भागात जायला सार्वजनिक लिफ्ट आहे. मात्र वर पोचल्यावरही तटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालणं आहे, गुडघ्यांचा विचार करा.

नदीपलीकडे, लेव्ही

आम्ही सेंट लॉरेन्सच्या पलीकडे लेव्हीला उतरलो, फेरीच्या धक्क्याजवळ. बोट बारा-तेरा मिनिटांत खालच्या गावात सोडते. शहराचा सगळ्यात सुंदर देखावा पाण्यावरूनच आहे. दर संध्याकाळी परत येताना आम्ही मागच्या डेकवर उभे राहायचो. तुम्ही तिथे राहिला नाहीत तरी एकदा फेरीने जाऊन या.

धागा काढणारी, परत आल्यावर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच परतलो. सांगते काय केलं ते.

तटाच्या आतच राहिलो, रविवार ते बुधवार, तीन रात्री. मी एकूण सहा ठिकाणी फोन केले. मॉन्ट्रियलच्या दादांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न सगळीकडे विचारले. दोघांनी स्वतःहून सांगितलं, तुमच्या आईसाठी आमची जागा नको. शेवटी सँ-लुई रस्त्याच्या बाजूला एका जुन्या घरात तळमजल्यावर लागून दोन खोल्या मिळाल्या. दाराशी दोनच पायऱ्या. खिडकी मागच्या भिंतीकडे उघडायची, देखावा काही नाही, म्हणूनच त्या १२० ला होत्या. कर धरून १४३, ओटावाकरांचा हिशेब बरोबर निघाला. गाडी मॉन्ट्रियलला मैत्रिणीकडे ठेवली, पुढे रेल्वे, स्टेशनहून टॅक्सी.

आई रोज दुपारी तासभर खोलीवर येऊन पडायची. चहाची किटली होती. संध्याकाळी परत ताजी. खाली प्ती-शांप्लेन भागात जाताना-येताना फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावरून वर-खाली करणारी रुळांवरची गाडी, घेतली, थोडे डॉलर लागतात, पण कड्याचा प्रश्न सुटतो. १६८८ सालच्या नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार चर्चमध्ये ती बराच वेळ शांत बसून होती.

बाबांनी पहिल्या सकाळी, आम्ही उठायच्या आत, सँ-लुई दरवाजापासून सँ-जाँ दरवाजापर्यंत तटावरून चालून घेतलं होतं. तटाला पैसे लागत नाहीत याचं त्यांना फार कौतुक. दुसऱ्या दिवशी अब्राहमच्या पठारावर गेलो. १३ सप्टेंबर १७५९ ला इथे इंग्रजांचा सेनापती वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाल्म लढले आणि दोघेही त्या लढाईत प्राणांतिक जखमी झाले. इंग्रज रात्री कडा चढून वर आले, हे बाबांनी आईला हातवारे करून असं समजावलं की शेजारून जाणारं एक जोडपं थांबून बघत राहिलं.

आणि शातोच्या समोरची ती लांब लाकडी गच्ची, तेरास डफरिन. पाटी वाचून बाबा थबकले. "हा आपल्याकडे आलेला डफरिन का?" मी फोनवर शोधलं. तोच. कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना तट पाडायची हाकाटी चालली होती, त्याने ते वाचवायचा आराखडा पुढे रेटला. मग १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. काँग्रेसची स्थापना झाली तेव्हा तोच होता. बाबांनी ही वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली होती. ते कठड्याला हात टेकून उभे राहिले, खाली नदीतून लेव्हीची फेरी चालली होती. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं इकडे ये, तुला एक गंमत सांगतो." आई बाकावरून उठली आणि पाय न ओढता त्यांच्यापर्यंत चालत गेली.